गळ्याखालचं पांढरं

एम.फिल.ला मला दोन गाइड होते. एक नांदेडच्या बाई. त्यांचं नाव प्रबंधाच्या पहिल्या पानावर आहे. दुसरा लातूरच्या मटण मार्केटातला एक खाटीक. त्याला सगळे मामा म्हणायचे, मीही म्हणायचो. बाईंनी मला सूक्ष्मदर्शकातून पाहायला शिकवलं आणि मामानं नुसत्या डोळ्यांनी. ही दुसरी विद्या मला फार उशिरा आली, आणि ती येईपर्यंत मी त्या माणसाचं व्हायचं तेवढं नुकसान करून बसलो होतो.

लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. कचेऱ्यांना इमारती नव्हत्या, पण पाट्या होत्या. सायकलचं पंक्चर काढणाऱ्यानंही फळीवर 'जिल्ह्यातील पहिले' असं रंगवून घेतलं होतं. त्याच लाटेत एक नवं कॉलेज निघालं आणि मी तिथं प्राणिशास्त्राचा अधिव्याख्याता झालो. तात्पुरता. एम.फिल. करा, मग पक्कं करू, असं प्राचार्य म्हणाले होते. मी निलंग्याजवळच्या खेड्यातला, आमच्या वस्तीतला पहिला पदवीधर, त्यामुळे पाय आधीच जमिनीच्या वीतभर वर. त्यात कॉलेजनं पांढरा कोट दिला. तो घालून मी बाजारातही जायचो. कुणी विचारलं तर प्रयोगशाळेतून थेट आलो असं सांगायचो. खरं तर प्रयोगशाळा एका बाजूला, बाजार दुसऱ्या बाजूला आणि माझी खोली मध्ये होती.

ती खोली मामानंच मिळवून दिली होती. त्याआधी पंधरा दिवस मी गावभर हिंडलो. घरमालक आधी गाव विचारायचे, मग आडनाव, मग बशीत चहा देऊन सांगायचे की खोली कालच गेली. मामाच्या दुकानात सहज बोललो, तर त्यानं हात पुसले, दुकान तसंच टाकून मागच्या गल्लीत नेलं आणि एका म्हातारीला म्हणाला, "आत्या, सर आपले हायत. कुलूप काढ." आडनावाचा विषय निघालाच नाही. हे मी आत्ता सांगतोय, कारण पुढं जे झालं तेव्हा ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

माझा विषय बाईंनी दिला होता. आपल्या शरीरात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. पण लढणारी पेशी लढवय्यी म्हणून जन्माला येत नाही. तिची पूर्वज पेशी हाडाच्या मज्जेत जन्मते. तिथून काही जणी गळ्याखालच्या थायमस नावाच्या ग्रंथीत जातात आणि आपलं कोण, परकं कोण हे तिथं शिकतात. काही प्लीहेत जातात. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र सगळ्या सारख्याच, निळे ठिपके. कोणत्या अवयवात त्या किती दाटीनं बसल्यात, कोणत्या थरात बसल्यात, किती मोठ्या आहेत, किती जणी दुभंगताहेत, यावरून फरक ओळखायचा. मला हे चटकन समजलं. जुन्या जिल्ह्यातून बदलून आलेले कारकून मी रोज बघत होतो. तोच माणूस पुरवठ्याच्या खिडकीत बसला की एक, आणि जुन्या कागदांच्या खोलीत बसवला की भलताच दुसरा.

अभ्यासाला प्राणी ठरला शेळी, तीही सहा महिन्यांच्या आतली. वयाची अट महत्त्वाची होती. थायमस लहानपणी भरलेला असतो आणि वय वाढलं की आटत जातो, चरबी होऊन जातो. म्हणजे करडाचा थायमस आणि म्हाताऱ्या बोकडाचा थायमस यांची तुलना केली तर प्रबंध गेला पाण्यात.

आणि पाणी तर कुठं नव्हतंच. त्या वर्षी दुष्काळ होता. टँकरमागं घागरी धावत होत्या आणि चाऱ्याविना लोक शेळ्या-करडं बाजारात आणून सोडत होते. मला त्याचं काय वाटलं असेल? नमुने सहज मिळतील, असं वाटलं. हे कबूल करायला लाज वाटते, पण तसंच वाटलं होतं.

मामाला मी पहिल्या दिवशी दुकानातच व्याख्यान दिलं. मज्जा, प्लीहा, थायमस. तो मांडी घालून ऐकत होता. मग म्हणाला, "मंजी नळी, तिल्ली, आन् गळ्याखालचं पांढरं."

"थायमस," मी म्हणालो.

"तेच की. गळ्याखालचं पांढरं."

मी तीनदा सुधारलं, त्यानं तीनदा मान हलवली आणि आपलाच शब्द ठेवला. मी वहीत लिहिलं, 'स्थानिक लोकांना शरीररचनेचे ज्ञान नाही.' ती वही अजून माझ्याकडे आहे. जाळायला हवी होती.

मग तो म्हणाला, "सर, देतो मी. पण यंदा नका करू. यंदा नळीत पाणी हाय."

"पाणी कसं असेल? मज्जा असते."

"असती. यंदा न्हाई. गिऱ्हाईक रोज भांडालंय. नळी फोडली की पाणी गळतंय. दुस्काळाचं बकरं हाय सर, आतून गेलंय. गळ्याखालचं तर पार गेलंय."

इतकं स्पष्ट त्यानं सांगितलं होतं. मी काय ऐकलं? मी ऐकलं की खाटीक टाळाटाळ करतोय. मी कोटाच्या खिशातून पेन काढलं आणि म्हणालो, "मामा, ते माझ्यावर सोडा."

पुढचे दोन महिने मी रोज सकाळी थर्मास घेऊन हजर. मामा प्रत्येक वेळी आधी मुंडी उचलायचा, अंगठ्यानं ओठ वर करायचा आणि म्हणायचा, "दात बघा." त्याच्या दुकानाची ती रीतच होती. कोवळं आहे असं तो तोंडानं कधी म्हणायचा नाही. मुंडी समोर धरायचा. दुधाचे दात असले तर बकरं वर्षाच्या आतलं. दुधाचे पण बारीक, न झिजलेले असले तर आणखी लहान. दोन मोठे दात आले की दोन दाती, आणि मग तो स्वतःच सांगायचा की हे मटण शिजायला वेळ घेईल. गिऱ्हाईक बघो न बघो, मुंडी समोर यायचीच. मी बघायचो नाही. मी थर्मासचं झाकण उघडायच्या गडबडीत असायचो.

कॉलेजात एक जुनं मायक्रोटोम होतं, मेणात घट्ट केलेल्या मांसाच्या कागदाहून पातळ चकत्या काढायचं यंत्र. त्यावर चकत्या काढल्या, रंग दिले, काचा तयार झाल्या. डोळा लावला आणि घाम फुटला. थायमसचा बाहेरचा थर निळ्या ठिपक्यांनी गच्च भरलेला हवा, पुस्तकात तसं चित्र होतं. माझ्या काचेवर तो थर पातळ, विरलेला, आणि मधेमधे रिकामा. दुसरी काच, तसंच. सगळ्या काचा तशाच. मज्जेच्या काचांवर तर काही धड दिसेचना. त्या माझ्या हातून बिघडल्या असं ठरवून मी बाजूला ठेवल्या.

पुस्तक उघडलं. आटलेला थायमस म्हणजे वय झालेला प्राणी. संपलं. मामानं मला फसवलं होतं. करडू म्हणून म्हाताऱ्या बोकडाचे अवयव गळ्यात मारले होते. आता म्हातारा बोकड एवढासा कसा असेल, हा प्रश्न शाळेतल्या पोरालाही पडला असता. मला त्याचंही उत्तर सुचलं: खुरटी जात असेल. शिकलेल्या माणसाला उत्तर लवकर सुचतं, हा त्याचा मोठा दोष.

दुसऱ्या दिवशी आईतवार होता. दुकानासमोर ही गर्दी. मी कोट घालून गेलो आणि रांग तोडून पुढं झालो.

"मामा, म्हातारी बकरी करडू म्हणून विकताय तुम्ही!"

मामाचा सुरा हातातच राहिला. मग त्यानं नेहमीसारखी मुंडी उचलली, ओठ वर केला आणि माझ्यासमोर धरली. "दात बघा सर. दुधाचे हायत."

"दाताचं काय घेऊन बसलात," मी म्हणालो. "थायमस खोटं बोलत नाही."

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं म्हणालो. रांगेत आमच्या कॉलेजच्या वसतिगृहाचे रेक्टर होते. मेसचं मटण मामाकडूनच जायचं. ते पिशवी घडी करून खिशात घालून निघून गेले. त्यांच्यामागं आणखी चार-पाच जण सरकले. मामा मुंडी तशीच धरून उभा होता, आणि दात बघायला समोर कुणी नव्हतं. पुढच्या आठवड्यापासून मेसचं मटण दुसऱ्या दुकानातून यायला लागलं. मला वाटलं, विज्ञानानं समाजाचं भलं केलं.

त्याच आठवड्यात काचांची पेटी मांडीवर घेऊन मी एस.टी.नं नांदेडला गेलो. वाटेत कोरडे ओढे, छावण्यांत बांधलेली ढोरं, रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायका. मी खिडकीतून बघत होतो आणि मनात बाईंसमोर बोलायची वाक्यं जुळवत होतो.

बाईंनी एक काच लावली. बराच वेळ पाहिलं. दुसरी लावली. मग मज्जेची, मी बिघडली म्हणून बाजूला ठेवलेली.

"वय कशावरून लिहिलंत?"

"थायमसवरून, बाई."

"आणि थायमस असा का आहे?"

"वयामुळे."

"वाः!" बाई म्हणाल्या. "खाटीक काय म्हणाला?"

"तो दात दाखवतो."

"मग दात का नाही लिहिले?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. चिडल्या की त्या चष्मा पुसायच्या. "हे पिल्लूच आहे. उपाशी पिल्लू आहे. अन्न तुटलं की शरीर सगळ्यात आधी हा अवयव सोडून देतं. हृदय ठेवतं, मेंदू ठेवतं, आणि इथल्या पेशींची राखरांगोळी करतं. ही मज्जा बघा, पाणी झालंय. तुमच्या हातानं बिघडली नाही ती." मग त्यांनी कपाटातून एक जुनी काच काढली, चांगल्या पावसाच्या वर्षातल्या करडाची. मी डोळा लावला. निळं, गच्च, कुठं टाचणी टेकवायला जागा नाही.

"तुम्ही निलंग्याकडचे ना?" बाईंनी विचारलं. "मागचा मोठा दुष्काळ पाहिला असेल."

पाहिला होता म्हणजे काय! त्या दुष्काळात मी शाळा सोडून मायबरोबर खडी फोडायला जात होतो. परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या होत्या आणि सरकारी सुकडीसाठी वाटी घेऊन रांगेत बसलो होतो. माझा धाकटा भाऊ त्या वर्षी साध्या गोवरानं गेला. वस्तीत लोक म्हणाले, अंगात जोरच नव्हता लेकराच्या. तो जोर कुठं राहतो, शरीराच्या कोणत्या कोपऱ्यात, हे दोन महिने माझ्या डोळ्यांसमोर काचेवर ठेवलेलं होतं. आणि मी त्याला म्हातारपण म्हणत होतो.

परतीच्या गाडीत मी पेटी मांडीवर ठेवून रडलो. कंडक्टरनं विचारलं, "काय सर, पेटीत कोन हाय?" त्याला सांगू काय?

लातूरला उतरलो तो थेट मामाकडे. दुपारची वेळ, दुकानात कुणी नव्हतं. मी सगळं सांगितलं, माफी मागितली, पाया पडायला वाकलो. त्यानं पाय मागं घेतले.

"हितं कोनी न्हाई सर. हितली माफी मला काय कामाची? जितं बोललाव तितं बोला. आईतवारी."

आठवडाभर मी भाषण तयार केलं. दोन तक्ते काढले. आईतवारी कोट न घालता गेलो, पण कॉलेजचा सूक्ष्मदर्शक, माझ्या काचा आणि बाईंकडून मागून आणलेली ती जुनी काच मात्र घेऊन गेलो. माझी शहाणपणाची खोड एवढ्यात कुठून जाणार? तो ओट्यावर मांडला, आरशावर ऊन घेतलं आणि सुरू झालो. पूर्वज पेशी, मज्जा, थायमस म्हणजे शाळाच समजा, तिथं त्या शिकतात. लोक रांगेनं डोळा लावून गेले. एकाला स्वतःच्या पापण्या दिसल्या. एक म्हातारा म्हणाला, "लई भारी हाय, पन मटन कवा देतांव?" अर्धा तास बोलून मी घामाघूम झालो, आणि मामावर खोटा आळ घेतला होता हे एकालाही कळलं नाही. मलाही ते वाक्य सरळ म्हणता येत नव्हतं. प्रत्येक वेळी मधे एखादी पेशी यायची.

शेवटी मामानं हात धुतले आणि तो स्वतः वाकला. आधी बाईंची काच पाहिली, मग माझी. पुन्हा बाईंची. इतका वेळ लावला की रांगेत कुरकूर सुरू झाली.

"ह्यात शाळा भरलीया," तो म्हणाला. "आन् ह्यात पोरं कामावर गेलीत."

दोन महिने पाहून, चारशे पानांचं पुस्तक वाचून, नांदेडला जाऊन मला जे दिसलं नव्हतं, ते त्यानं एकदाच वाकून सांगितलं. त्याला माझ्या खडीचं काही माहीत नव्हतं.

मग त्यानं मुंडी उचलली, ओठ वर केला आणि माझ्यापुढं धरली. "ते ऱ्हाऊ द्या सर. दात बघा आन् सांगा."

मी बघितले. पहिल्यांदाच बघितले. बारीक, पांढरे, तांदळासारखे.

"दुधाचे!" मी ओरडलो. "मामाचं खरं होतं. मी खोटं बोललो. बकरं म्हातारं नव्हतं, उपाशी होतं!"

हे मात्र सगळ्यांना कळलं. कुणी हसलं, कुणी म्हणालं, मग एवढी दुर्बीण कशाला आणली? रांग पुढं सरकली.

प्रबंधात वयाच्या रकान्यात मी लिहिलं, 'दातांवरून, खाटकाच्या सांगण्याप्रमाणे.' तोंडी परीक्षेला आलेले परीक्षक हसले आणि म्हणाले, याला काही संदर्भ? मी म्हणालो, तोच संदर्भ आहे. बाई चष्मा पुसत होत्या, पण या वेळी माझ्यावर चिडल्या नव्हत्या. पदवी मिळाली, नोकरी पक्की झाली. मेसचं मटण मात्र दुसऱ्याच दुकानातून येत राहिलं. मी रेक्टरांकडे तीनदा गेलो. ते म्हणायचे, बघू.

पाऊस झाला, छावण्या उठल्या, नळीत पुन्हा मज्जा आली. एका आईतवारी मी मामाच्या दुकानात उभा होतो, तर रेक्टर पिशवी घेऊन आले. घरी पाहुणे होते आणि ते दुसरं दुकान बंद होतं.

"कोवळं आहे का?" त्यांनी विचारलं.

मामानं मुंडी उचलली, ओठ वर केला, समोर धरली. रेक्टरांनी तिकडं पाहिलं नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"दुधाचे दात आहेत," मी म्हणालो.

"तुम्ही म्हणताय म्हणजे झालं," ते म्हणाले, मग मामाला, "दीड किलो द्या. आणि उद्यापासून मेसचंही बघा." मी मुंडीकडं एकदाही वळलो नव्हतो, पण त्यांनी ते विचारलं नाही. मामानं मुंडी खाली ठेवली, सुरा उचलला आणि मटण तोडायला घेतलं.